अमूर्त चित्र आंतरराष्ट्रीय संग्रहालयाच्या प्रदर्शनाला पाठवताना: निवडीच्या पत्रापासून चित्र घरी परतेपर्यंत

निवड झाल्याचं पत्र आलं की बरेच चित्रकार लगेच नवा कॅनव्हास ताणायला घेतात. प्रदर्शनासाठी काहीतरी खास करावं, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण मग रंग आतून ओला असतानाच क्रेट (पाठवायची लाकडी पेटी) बंद होतो, कागद शेवटच्या आठवड्यात घाईनं भरले जातात आणि काही महिन्यांनी चित्र परत येतं तेव्हा त्यावर बबल रॅपचे गोल ठसे उमटलेले असतात. दाद मागायलाही जागा राहत नाही, कारण चित्र निघालं तेव्हा कसं होतं याची नोंदच कुणी केलेली नसते.

अमूर्त चित्राची यात आणखी एक अडचण आहे. माणसाचं चित्र उलटं टांगलं तर दारातून आत येणाऱ्यालाही कळतं. त्यावर ओरखडा आला तर तो ओरखडाच आहे, हेही कळतं. तुमच्या चित्राची वरची बाजू कुठली, ती भेग तुम्ही आणलेली आहे की प्रवासात पडलेली, तो खरवडलेला भाग कामाचा आहे की अपघाताचा, हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. आणि चित्र भिंतीवर लागतं तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही तिथं नसता. त्यामुळे खालच्या बहुतेक पायऱ्यांचा रोख एकच आहे: तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर, फोटोत आणि चित्राच्या पाठीवर उतरवायचं.

पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा. आधी पॅकिंग आणि मग नोंदी, आधी चित्र रवाना आणि मग करार, या दोन उलटापालटींमुळे झालेलं नुकसान मी सर्वांत जास्त पाहिलं आहे.

## १. निमंत्रण कुणाचं आहे ते आधी नीट पाहा

‘संग्रहालयात प्रदर्शन’ आणि ‘संग्रहालयाचं प्रदर्शन’ यांत फरक आहे. अनेक संग्रहालयं आपलं एखादं दालन बाहेरच्या आयोजकांना भाड्यानं देतात. तिथं लागलेलं प्रदर्शन संग्रहालयाच्या क्युरेटरनं, म्हणजे प्रदर्शनाची आखणी आणि निवड करणाऱ्यानं, निवडलेलं असेलच असं नाही. संग्रहालय स्वतः चित्र मागतं तेव्हा ते चित्रकाराकडून सहभाग शुल्क घेत नाही. वाहतूक आणि विमा कोण भरणार यावर बोलणी होऊ शकतात, पण ‘भिंतीच्या दर मीटरला इतके पैसे’ अशी भाषा आली तर तुम्ही जागा भाड्यानं घेत आहात. तसं करायला हरकत नाही, फक्त ते जाणून करा आणि परिचयपत्रात तसंच लिहा.

होकार कळवण्यापूर्वी या गोष्टी लेखी विचारा:

- क्युरेटर कोण आणि चित्रांची ने-आण, नोंदी पाहणारा रजिस्ट्रार कोण? पुढचा बहुतेक पत्रव्यवहार रजिस्ट्रारशीच होतो.
- येण्याचा आणि परतीचा, दोन्ही प्रवासांचा खर्च कुणाचा? क्रेट बनवण्याचा कुणाचा?
- प्रदर्शन एकाच ठिकाणी आहे की पुढे आणखी शहरांत फिरणार आहे?
- दालनाचा ‘फॅसिलिटी रिपोर्ट’ मिळेल का? इमारतीचं तापमान, आर्द्रता, प्रकाश, सुरक्षा, आगीपासून संरक्षण आणि माल उतरवायच्या दाराचं माप, हे सगळं त्यात असतं.

तपासा: संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा संपर्क स्वतः शोधून, आलेलं पत्र त्यांचंच आहे याची खात्री करून घ्या. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करणं म्हणजे खात्री करणं नव्हे.

## २. तारखा उलट्या मोजा

उद्घाटनाची तारीख लिहा आणि तिथून मागे या. चित्रं टांगायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. त्याआधी प्रवास आणि कस्टम्स, त्याआधी क्रेट, त्याआधी करार, विमा आणि कागदपत्रं. मी स्वतः चित्र निघायच्या दिवसापूर्वी निदान तीन महिने हातात ठेवतो. क्रेट बनवणाऱ्याला मापं देण्याचा दिवस हा खरा शेवटचा दिवस समजा, कारण त्यानंतर चित्र, चौकट किंवा चित्रांची संख्या बदलली की सगळी कागदपत्रं नव्यानं करावी लागतात.

## ३. कोणतं चित्र जाईल ते ठरवा

इथं कलेचा विचार क्युरेटरसोबत झालेला असतोच. उरतो तो चित्राच्या अंगात प्रवास सोसायची ताकद आहे का, हा प्रश्न.

रंग खरंच वाळला आहे का? तैलरंग पाणी उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू कडक होतं. वरची साय आधी धरते आणि आतला थर मऊच राहतो. पातळ थराला काही आठवडे पुरतात, पण सुरीनं लावलेला जाड थर कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही जास्त काळ आत ओला राहू शकतो. हाताला चिकटत नाही म्हणजे वाळला, असं धरू नका. चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या कडेवर तितक्याच जाडीचा थर असेल तर तिथं नखानं हलकं दाबून पाहा. खूण उठली तर ते चित्र क्रेटमध्ये जाणार नाही.

अॅक्रिलिकचं उलट आहे. ते लवकर वाळतं, पण वाळल्यावरही त्याचा पापुद्रा थोडा मऊच राहतो. उन्हात तापलेल्या क्रेटमध्ये तो आणखी मऊ होतो आणि अंगाला लागलेल्या प्लास्टिकला चिकटतो. थंडीत मात्र तोच पापुद्रा कडक आणि ठिसूळ होतो. गोठणबिंदूजवळच्या तापमानात अॅक्रिलिकचं चित्र गुंडाळलं, उलगडलं किंवा आपटलं तर तडे जाऊ शकतात. चित्र हिवाळ्यात थंड प्रदेशात उतरणार असेल तर ते उबदार खोलीत स्थिरावल्याशिवाय हाताळायचं नाही, हे आधीच लिहून पाठवा.

व्हार्निश. जाड तैलचित्राला पारंपरिक व्हार्निश लावायचं तर सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. प्रदर्शनासाठी चमक हवी म्हणून घाईनं हात मारला तर खालचा थर वाळण्यात अडथळा येतो आणि वरचा चिकट राहतो. वेळ नसेल तर व्हार्निशशिवाय पाठवा. संग्रहालयाला त्यात काही वावगं वाटत नाही.

माप. चित्र दारातून, लिफ्टमधून आणि विमानातून जायला हवं. मोठ्या प्रवासी विमानाच्या पोटातल्या जागेत साधारण १६० सेंमी उंचीपर्यंतचा माल मावतो. आणि मोजायची ती क्रेटची बाहेरची उंची, चित्राची नाही. फोम, प्लायवूड आणि खालचे पाय धरून ती चित्रापेक्षा सहज २५–३० सेंमीनं वाढते. त्याहून उंच क्रेट मालवाहू विमानानं जातो आणि खर्च कितीतरी वाढतो. मोठं काम असेल तर ते दोन-तीन पॅनेलमध्ये करता येईल का, हा विचार चित्र सुरू करण्यापूर्वीचा आहे.

माध्यम. मिश्र माध्यमात शिंपले, पिसं, कातडं, हाडं, बिया, माती, असं काही वापरलं असेल तर आत्ताच सांगा. संरक्षित प्राणी-वनस्पतींपासून मिळालेल्या वस्तूंना साइट्स कराराखाली परवाना लागतो, आणि माती किंवा बियांना काही देशांत प्रवेशच मिळत नाही.

## ४. चित्राची पाठ तयार करा

ही पायरी अर्ध्या तासाची आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते.

पीट मॉन्द्रिआनचं ‘न्यू यॉर्क सिटी १’ हे १९४१ चं चित्र अनेक दशकं उलटं टांगलं जात होतं, असं २०२२ मध्ये ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयानं जाहीर केलं. त्यातल्या रंगीत चिकटपट्ट्या इतक्या सैल झाल्या आहेत की आता सुलट करायला गेलं तर त्या गळून पडतील, म्हणून ते तसंच ठेवायचं ठरलं. न्यू यॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९६१ साली मातिसचं ‘ल बातो’ ४७ दिवस उलटं लटकत होतं. ही जगातली नावाजलेली संग्रहालयं आहेत. तुमच्या चित्राला वेगळी वागणूक मिळेल अशी आशा धरू नका.

पाठीवर, म्हणजे स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ज्यावर ताणलेला असतो त्या चौकटीच्या) लाकडावर, पेन्सिलनं हे लिहा (कॅनव्हासवर नको, दाब पुढं उमटतो):

- ‘वर’ आणि बाण. बाण दोन ठिकाणी काढा. सोबत यजमान संग्रहालयाच्या भाषेतही तोच शब्द लिहा.
- नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप.
- तुमचा नोंदवहीतला क्रमांक.

क्रमांकाचं महत्त्व अमूर्त चित्रकाराला इतरांपेक्षा जास्त आहे. एकाच वर्षी, एकाच मापाची, ‘शीर्षकहीन’ नावाची पाच चित्रं पाठवली की विमा, कस्टम्स आणि कॅटलॉग या तिन्ही याद्यांमध्ये घोळ होतो. प्रत्येक चित्राला एकमेव क्रमांक द्या आणि तोच क्रमांक सगळ्या कागदांवर वापरा.

इशारा: अनेक पॅनेलच्या कामात १, २, ३ असे आकडे पाठीवर लिहिले की मागून पाहणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं. माझं एक तीन पॅनेलचं काम याच कारणानं उलट्या क्रमानं लागलं होतं, आणि ते मला उद्घाटनाच्या फोटोत कळलं. आता मी आकड्याशेजारी ‘समोरून पाहताना डावीकडचं’ असं पूर्ण लिहितो आणि तिन्ही पॅनेल एकत्र लावून काढलेला छोटा फोटो प्रत्येक पॅनेलच्या मागे चिकटवतो. पॅनेलमधलं अंतर किती सेंमी ठेवायचं, तेही त्याच फोटोवर लिहितो.

चित्र कुठल्याही बाजूनं टांगलं तरी चालणार असेल तर तेही स्पष्ट लिहा. नाहीतर टांगणारा गोंधळून तुम्हाला अवेळी फोन करेल, किंवा करणारच नाही.

पाठीवर बॅकिंग बोर्ड, म्हणजे पाठ झाकणारा पुठ्ठा किंवा फळी, स्क्रूनं बसवा. तो धक्क्यापासून वाचवतोच, शिवाय प्रवासात ढोलासारखा थरथरणारा कॅनव्हास त्यामुळे बराच शांत राहतो. त्याआधी स्ट्रेचरच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी पक्क्या आहेत का ते पाहा. सुटलेली पाचर कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या मध्ये जाऊन बसते आणि पुढच्या बाजूला फुगवटा आणते.

## ५. कंडिशन रिपोर्ट: काय मुद्दाम आहे ते लिहा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. चित्र ज्या अवस्थेत निघतं तिचा हा लेखी आणि छायाचित्रांसह दाखला. संग्रहालय स्वतःचा रिपोर्ट करतं, पण तो ते चित्र उघडल्यावर करतं. तोपर्यंत जे घडलं ते तुमच्या रिपोर्टशी ताडूनच सिद्ध होतं.

काम असं करा. चित्र भिंतीला टेकवून उभं करा. आधी समोरून, सारख्या प्रकाशात पूर्ण फोटो घ्या. मग खोली अंधारी करून एकाच बाजूनं, भिंतीला जवळजवळ समांतर असा तिरका प्रकाश टाका. पृष्ठभागावरचा प्रत्येक उंचवटा, भेग, सुरकुती त्यात उठून दिसते. हेच डावीकडून आणि वरून करा. नंतर चारही कडा, चारही कोपरे, पाठ आणि टांगायच्या कड्या. प्रत्येक जवळच्या फोटोत छोटी मोजपट्टी ठेवा.

मग पूर्ण फोटो कागदावर छापा, त्यावर खुणा करा आणि प्रत्येक खुणेला एक ओळ लिहा. दोन वेगळ्या रंगांची पेनं घ्या. एका रंगानं दोष: ‘खालच्या उजव्या कोपऱ्यात ४ मिमी रंग उडालेला’. दुसऱ्या रंगानं तुमचा हेतू:

- ‘मधल्या करड्या पट्ट्यातल्या भेगा मुद्दाम आणलेल्या आहेत. भरू नयेत.’
- ‘वरच्या डाव्या भागात रंगात राख मिसळली आहे. धूळ समजून पुसू नये.’
- ‘कॅनव्हासच्या कडेला लोंबणारे धागे कामाचा भाग आहेत. कापू नयेत.’
- ‘काळ्या भागात चकाकी कमी-जास्त आहे, ती तशीच हवी.’

राखेचा दाखला उगीच दिलेला नाही. एका ठिकाणी संवर्धकानं (चित्रांची निगा आणि दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञानं) अतिशय काळजीनं, मऊ ब्रशनं माझ्या चित्रावरची ‘धूळ’ काढायला घेतली होती. सुदैवानं त्यानं आधी विचारलं. दोष त्याचा नव्हता. राख आणि धूळ यांत फरक आहे, हे माझ्या कागदावर कुठंच नव्हतं.

जे अजून हलतं किंवा सुटू शकतं (चिकटवलेला कागद, वाळू, जाड थराचं टोक) त्याला वेगळी खूण करा आणि सुटल्यास काय करायचं ते लिहा: तुकडा पाकिटात जपून ठेवायचा, तुम्हाला कळवायचं, कळवल्याशिवाय चिकटवायचं नाही.

तपासा: रिपोर्टवर तारीख, सही आणि चित्राचा क्रमांक आहे का? एक प्रत तुमच्याकडे, एक क्रेटच्या आत, एक रजिस्ट्रारला ई-मेलनं.

## ६. फोटो आणि फलकाची माहिती

कॅटलॉगसाठी फोटो व्हार्निश लावण्यापूर्वी आणि काच बसवण्यापूर्वी काढा, चकाकी त्रास देत नाही. एका फोटोत रंगतपासणीची पट्टी ठेवा. अमूर्त चित्रात रंग हाच विषय असतो, आणि छपाई करणाऱ्याला ताडून पाहायला आकाश किंवा त्वचेसारखं काही नसतं. छपाईच्या आकारात ३०० डीपीआय असलेली टिफ फाइल द्या. फोटोच्या कडा कापू नका आणि फाइलच्या नावातच ‘वरची बाजू बरोबर’ असं लिहा.

मापं देताना आधी उंची, मग रुंदी, मग खोली. हा क्रम चुकला की आडवं चित्र उभं समजलं जातं, आणि अमूर्त चित्रात ती चूक पुढे कुणाच्याच लक्षात येत नाही. माध्यमात ‘मिश्र माध्यम’ एवढंच लिहून सोडू नका. ‘कॅनव्हासवर अॅक्रिलिक, कोळसा आणि राख’ असं लिहा. संवर्धक आणि कस्टम्स दोघांनाही त्याचा उपयोग होतो.

## ७. करार आणि विमा

लोन अॅग्रीमेंटवर, म्हणजे चित्र तात्पुरतं उसनं देण्याच्या करारावर, सही झाल्याशिवाय चित्र स्टुडिओबाहेर जाऊ देऊ नका. तो कंटाळवाणा असतो, तरीही पूर्ण वाचा. माझी नजर या कलमांवर आधी जाते.

विमा ‘नेल टू नेल’ हवा: चित्र तुमच्या भिंतीवरून निघाल्यापासून परत तुमच्या भिंतीवर लागेपर्यंत. फक्त ‘प्रदर्शनाच्या काळात’ असं लिहिलं असेल तर सर्वांत धोक्याचा काळ, म्हणजे प्रवास, त्यात येत नाही. विम्याची किंमत तुम्ही सांगायची असते. ती तुमच्या आधीच्या विक्रीशी जुळणारी ठेवा. फुगवलेली रक्कम दाव्याच्या वेळी टिकत नाही आणि तोच आकडा कस्टम्सच्या कागदावर गेल्यावर दुसरीच डोकेदुखी होते. अंशतः नुकसान झालं तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर घटलेल्या मूल्याची भरपाई मिळणार का, हेही विचारा. एकाच सपाट रंगाच्या मोठ्या क्षेत्रावर एवढासा डाग पडला तरी तो न दिसेल असा दुरुस्त करणं फार कठीण असतं, त्यामुळे आपल्यासाठी हे कलम मोलाचं आहे.

दुरुस्ती आणि साफसफाई तुमच्या लेखी परवानगीशिवाय होणार नाही, हे करारात हवं. छायाचित्रांचा वापर कशासाठी आणि किती काळ, हेही हवं. कॅटलॉग आणि प्रसिद्धीला परवानगी द्या, पण वस्तूंवर छापून विकण्यासाठी वेगळी परवानगी लागेल असं लिहून घ्या. चित्र दाखवायला दिल्यानं त्याचा कॉपीराइट हस्तांतरित होत नाही.

हवामान आणि प्रकाशाचे आकडे करारात घाला. अनेक मोठी संग्रहालयं आज १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४० ते ६० टक्के सापेक्ष आर्द्रता ही मर्यादा मानतात, आणि चोवीस तासांत आर्द्रतेत १० टक्क्यांहून जास्त चढउतार होऊ देत नाहीत. प्रकाश लक्स या एककात मोजतात: तैल आणि अॅक्रिलिक चित्रांना साधारण २०० लक्स, कागदावरच्या कामाला ५० लक्स. फ्लुरोसंट रंग वापरले असतील तर ते ठळक लिहा, कारण ते इतर रंगांपेक्षा फार लवकर उडतात.

## ८. पॅकिंग

एक नियम कायम ठेवा: रंगाच्या पृष्ठभागाला शक्यतो काहीच लागू द्यायचं नाही.

१. अॅक्रिलिक किंवा जाड तैलचित्रासाठी ट्रॅव्हल फ्रेम बनवून घ्या. चित्र पाठीकडून एका खोल चौकटीत स्क्रूनं अडकवलेलं असतं आणि समोरचा भाग हवेत मोकळा राहतो. झाकण चौकटीवर बसतं, चित्रावर नाही.

२. ट्रॅव्हल फ्रेम शक्यच नसेल तर सिलिकॉनचा लेप असलेला कागद वापरा. ग्लासिन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद वाळलेल्या तैलचित्राला चालतो, पण उष्णतेत अॅक्रिलिकला चिकटू शकतो. बबल रॅप फक्त बाहेरच्या थरात, आणि फुगे चित्राच्या उलट दिशेला.

३. बाहेरून पॉलिथिन गुंडाळा, पण ते कोरड्या दिवशी, कोरड्या खोलीत. दमट हवा आत कोंडली तर थंड जागी तिचंच पाणी होऊन चित्रावर बसतं.

४. क्रेटच्या आत नवा पॉलिथिन फोम घाला. झाकण स्क्रू किंवा बोल्टनं लावा, खिळ्यांनी कधीच नाही. खिळे ठोकताना आणि उपटताना बसणारे धक्के कॅनव्हासपर्यंत जातात. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी लावा.

५. कच्चं लाकूड वापरलं असेल तर त्यावर आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा. या नियमानुसार लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेला असतो, म्हणजे त्यातली कीड मरते. प्लायवूडला ही अट नाही, पण त्याला जोडलेल्या लाकडी पट्ट्यांना आणि पायांना आहे, आणि नेमकं तेच विसरलं जातं. शिक्का नसलेला क्रेट सीमेवर अडवला, परत पाठवला किंवा नष्ट केला जाऊ शकतो.

६. बाहेरून वरची दिशा, नाजूक वस्तू आणि पाण्यापासून जपा, या चिन्हांचे छाप मारा. चित्रकाराचं नाव आणि किंमत क्रेटवर लिहू नका. तिरपं झाल्यास रंग बदलणारी खूणपट्टी बाहेर लावा.

७. क्रेट भरताना प्रत्येक थराचा फोटो काढा आणि ते फोटो क्रमानं छापून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. परतीचं पॅकिंग दुसराच कुणी करणार असतो, त्याला हेच फोटो वाट दाखवतात.

चित्र क्रेटमध्ये उभंच राहायला हवं आणि गाडीत ते प्रवासाच्या दिशेला समांतर असावं. आडवं लावलं तर प्रत्येक ब्रेकला कॅनव्हास पुढं-मागं हेलकावतो.

गुंडाळून पाठवणं हा शेवटचा पर्याय. जाड थराचं चित्र कधीच गुंडाळू नका. पातळ थराचं गुंडाळायचं तर रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन त्याला चुण्या पडतात. नळी जितकी जाड तितकं बरं. मी ३० सेंमी व्यासाखाली जात नाही. गुंडाळलेली नळी दोन्ही टोकांना आधार देऊन मोठ्या नळीत अधांतरी बसवा, म्हणजे चित्राचा भार रंगावर येणार नाही.

इशारा: दुरुस्तीसाठी लागेल म्हणून रंगाची बाटली, टर्पेंटाइन किंवा व्हार्निश क्रेटमध्ये टाकू नका. ज्वालाग्राही पदार्थ जाहीर न करता विमानानं पाठवणं बेकायदा आहे आणि त्यापायी अख्खा माल अडकतो.

वाहतुकीचा अंदाज घेताना आकारमानावरचं वजन काढा: लांबी × रुंदी × उंची सेंमीमध्ये, भागिले ६०००. १५० × १३० × ३० सेंमीचा क्रेट ९७.५ किलो धरला जातो, मग तो प्रत्यक्षात ४० किलोचा का असेना.

## ९. कस्टम्स

चित्र परत येणार असेल तर ते तात्पुरतं जात आहे, हे पहिल्या कागदापासून दिसलं पाहिजे. दोन्ही देश मानत असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता नेण्या-आणण्याचा आंतरराष्ट्रीय कस्टम्स दस्तऐवज, सोयीचं पडतं. त्यावर माल जास्तीत जास्त एक वर्षासाठी कर न भरता नेता-आणता येतो. कार्नेट निघाल्यावर यादीत नवं चित्र घालता येत नाही, म्हणून आधी चित्रं पक्की करा. विकण्याच्या हेतूनं पाठवलेल्या मालासाठी ते नाही. कार्नेट लागू नसेल तर यजमान संग्रहालयाच्या वाहतूकदाराकडून तात्पुरत्या आयातीची सोय करून घ्या.

मालाचं वर्णन नेमकं लिहा: ‘हातानं रंगवलेलं मूळ चित्र, कॅनव्हासवर अॅक्रिलिक, प्रदर्शनासाठी, परत येणार’. शंभर वर्षांहून कमी वयाच्या चित्रांचा आंतरराष्ट्रीय वर्गांक ९७०१.९१ आहे. ‘डेकोरेटिव्ह पॅनेल’, ‘प्रिंटेड कॅनव्हास’ असलं काही लिहिलं तर वर्ग बदलतो आणि करही. अमूर्त कलेच्या बाबतीत हे नुसतं भय नाही. १९२६ मध्ये ब्रांकुशीचं ‘बर्ड इन स्पेस’ हे शिल्प अमेरिकी कस्टम्सनं कलाकृती मानलं नाही आणि धातूची उपयोगी वस्तू म्हणून त्यावर ४० टक्के कर लावला. ती कलाकृतीच आहे असा निकाल कोर्टातून १९२८ मध्ये आला.

किंमत शून्य लिहू नका, ‘भेट’ही लिहू नका. विमा, करार, बिल आणि कार्नेट या चारही ठिकाणी एकच आकडा असावा. अनेक देशांतून चित्र बाहेर नेताना ते पुरातन वस्तू नाही असा दाखलाही लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करा.

तपासा: कार्नेटचं योग्य पान प्रत्येक सीमेवर शिक्का मारून घेतलं गेलं का? हे वाहतूकदाराला लेखी विचारा आणि शिक्क्यांचे फोटो मागवून घ्या. एक शिक्का राहिला तरी चित्र बाहेर गेलंच नाही असं धरून पुढे कराची मागणी येऊ शकते.

## १०. पोचल्यावर आणि टांगताना

क्रेट दालनात आला की लगेच उघडायचा नाही. निदान २४ तास तो बंदच त्या खोलीत राहू द्या, म्हणजे आतलं हवामान हळूहळू बाहेरच्याशी जुळतं. सगळ्यांनाच घाई असते, म्हणून ही सूचना क्रेटच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा.

उघडताना तुम्ही हजर नसाल तर व्हिडिओ कॉलवर राहा. बघायच्या तीन गोष्टी: खूणपट्टीचा रंग, पाठीवरचा बाण आणि रिपोर्टवरच्या खुणा. चित्राचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर हवा ते सांगा. अनेक ठिकाणी तो १४५ ते १५५ सेंमीच्या दरम्यान धरतात, पण मोठ्या रंगक्षेत्राचं चित्र खाली, पाहणाऱ्याच्या अंगाशी यायला हवं असेल तर तसं लिहून द्या. शेजारच्या चित्रापासून किती अंतर हवं तेही सांगा. टांगून झाल्यावर समोरून काढलेला फोटो मागवा आणि स्वतःच्या फोटोशेजारी ठेवून ताडा. उद्घाटनापूर्वी दिशा सुधारायला पाच मिनिटं लागतात.

फलकावरचा मजकूरही तेव्हाच वाचा: नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप.

## ११. परतीचा प्रवास

परतीच्या वेळी सगळ्यांचं लक्ष पुढच्या प्रदर्शनावर गेलेलं असतं. म्हणून प्रदर्शन संपण्याच्या तीन आठवडे आधी रजिस्ट्रारला लिहा: क्रेट कुठं ठेवला आहे, फोम कोरडा आहे का, जाण्यापूर्वीचा कंडिशन रिपोर्ट कोण करणार, कार्नेटची मुदत कधी संपते?

क्रेट घरी आला की पुन्हा २४ तास थांबा. उघडताना सलग व्हिडिओ करा. त्याच तिरक्या प्रकाशात, त्याच कोनांतून फोटो घ्या आणि पहिल्या रिपोर्टशी खूण-खूण ताडा. नवं काही आढळलं तर चित्राला हात लावू नका, रंग तर मुळीच लावू नका. तुम्ही स्वतः दुरुस्त केलेल्या चित्राचा विमा दावा उभा राहत नाही. पॅकिंगचं सगळं सामान तसंच ठेवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी रजिस्ट्रार, वाहतूकदार आणि विमा कंपनी या तिघांना लेखी कळवा. दाव्याची मुदत अनेकदा मोजक्या दिवसांची असते आणि ती कराराच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते. ती तारीख चित्र पाठवतानाच कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

कार्नेटवर परतीचा शिक्का बसला का ते पाहा, मूळ प्रत ज्या संस्थेनं दिली तिला परत करा आणि पोच घ्या.